एवढ्या जवळून?

कोल्डप्ले हा विलायती बँड जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत तीन रात्री गाऊन गेला. तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. विक्री आधीच्या सप्टेंबरात एका रविवारी झाली आणि त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र मोबाइलमध्ये डोकं घालून रांगेत उभा होता. आमच्या शिरूरची पोरंही होती. पुढे किती लाख माणसं आहेत, ते मोबाइलच सांगत होता. रेशनच्या रांगेत एवढी पारदर्शकता कधी दिसली नाही.

ज्यांना तिकीट मिळालं ते गेले. गायक त्यांना अंगठ्याएवढा दिसला, बाकीचा पडद्यावर दिसला. पडदा घरीही होता, पण घरच्या पडद्यासमोर उभं राहून स्टेटस टाकता येत नाही. परत आलेल्या एका जाणकाराला विचारलं, गाणं कसं झालं? तो म्हणाला, "लाइटिंग जबरदस्त."

आता शहाण्यांची हौस उलट्या बाजूला वळली आहे. स्टेडियम नको, छोटी खोली हवी. पन्नास-साठ माणसं, गायक हाताच्या अंतरावर. अमेरिकेतल्या एका रेडिओच्या दोघांना 2008 साली एका बारमध्ये गोंगाटापायी गायिका ऐकूच येईना. त्यांनी तिला सांगितलं, बाई, आमच्या ऑफिसात या आणि टेबलापाशी बसून गा. तिथून 'टायनी डेस्क' सुरू झालं आणि मोठमोठे गायक त्या फायलींच्या गर्दीत उभे राहून गाऊ लागले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'सोफार साउंड्स'वाल्यांनी लोकांच्या दिवाणखान्यात मैफली भरवायला घेतल्या. ते लोण पुण्यामुंबईत आलं. आता पुण्यातला माणूस पैसे मोजून जमिनीवर बसतो आणि मांडी दुखली तरी 'काय अनुभव होता' असं म्हणतो.

यात शिरूर-दौंडवाल्यांनी हसावं की रडावं?

शिरूरहून निघा. न्हावरे मागे टाका, पारगावला भीमा ओलांडा, केडगाव आलं की गुऱ्हाळांचा वास सुरू होतो. थोडं पुढे पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला. तिथे कला केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रात चार-सहा पार्ट्या असतात. पार्टी म्हणजे राजकारणातली नव्हे. ही पार्टी दुसऱ्या पार्टीत जाते ती सांगून जाते. दाराशी पार्टीच्या मालकिणीचं नाव आणि नावापुढे गाव: नगरकर, पंढरपूरकर, जामखेडकर. आधी थिएटरात एकेका पार्टीची पाळी. ज्याला आणखी ऐकायचंय त्याने बैठक मागायची. मग छोटी खोली, गादी, लोड. समोर पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला आणि गाणारी बाई. मध्ये पडदा नाही, रेलिंग नाही, सुरक्षारक्षक नाही. तुम्ही फर्माईश करायची, तिने गायची. ठुशीच्या मण्यांत बल्बचा उजेड दिसतो, एवढी ती जवळ असते.

लंडनवाल्यांनी शोध लावण्याच्या कितीतरी आधीपासून हे इथे चालू आहे.

फरक एकच. लंडनच्या दिवाणखान्यात गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दहा जणांना सांगतो. चौफुल्याला मात्र कोणीच जात नाही. तरी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. कोणाला विचारलं तर तो जेवायला थांबलेला असतो. कोणी मित्राला शोधायला आलेला असतो. सोलापूर रस्त्यावर इतक्या गाड्या नेमक्या चौफुल्यालाच पंक्चर कशा होतात, हा टायर कंपन्यांच्या अभ्यासाचा विषय आहे.

लाज वाटण्यासारखं तिथे काही घडत नाही, असं मी म्हणणार नाही. घडतं. जुलै 2025 मध्ये चौफुल्याजवळ वाखारीच्या एका कला केंद्रात गोळीबार झाला आणि चौफुला दोन दिवस सगळ्या वाहिन्यांवर झळकला. गुन्हा दाखल झाला, राजकारण झालं, चर्चा झाल्या. त्या चर्चांमध्ये गाण्याबद्दल एक वाक्य नव्हतं. बंदूक कोणाची, नातेवाईक कोणाचा, हे सगळ्यांना कळलं. त्या रात्री खोलीत कोण गात होतं, हे कोणीही विचारलं नाही. कोल्डप्लेच्या मैफलीत अशी गोळी सुटली असती तर पहिला प्रश्न 'गायक सुखरूप आहे ना?' हाच आला असता.

आता बैठकीच्या गाण्याबद्दल. स्टेडियममधला गायक पन्नास हजारांसाठी एकच हात हलवतो, तो प्रत्येकाला आपल्यासाठीच हलवल्यासारखा वाटतो. बैठकीत ही सोय नाही. तिथे ओळ खरोखरच तुमच्याकडे बघून म्हटली जाते. बैठकीच्या लावणीची गंमत अशी की बाई बसून गाते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. एकदा रुसून, एकदा टोमणा मारून, एकदा नुसती भुवई उचलून. शब्द तेच असतात, अर्थ दर वेळी नवा निघतो. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी हे आयुष्यभर केलं. 1915 चा जन्म. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार झाला, 2012 मध्ये पद्मश्री झाली, 2018 मध्ये त्या गेल्या. सरकारला त्यांची गायकी पद्मश्रीच्या लायकीची आहे हे कळलं तेव्हा त्यांची नव्वदी उलटून गेली होती. सरकारही बैठकीला उशिराच पोहोचतं. वाटेत गाडी पंक्चर होत असावी.

अशी गायकी ऐकायला समोरचा माणूसही तयारीचा लागतो. दाद कुठे द्यायची, गप्प कुठे बसायचं, ढोलकी थांबते तिथे मान कशी हलवायची, हे जुन्या शौकिनांना कळत होतं. शौकीन हा काही संत नव्हता, पण कान शाबूत होता. आताचा शौकीन खोलीत शिरतो तो फोन घेऊन आणि बसायच्या आत सांगतो, "चंद्रा घ्या." 'चंद्रमुखी' 2022 मध्ये आला, त्याआधी हा इसम 'वाजले की बारा' मागत होता, आणि 2024 पासून मध्येच 'गुलाबी साडी'ही मागतो. चित्रपटाने लावणी इथून उचलली, स्टुडिओत धुतली, श्रेया घोषालकडून गाऊन घेतली आणि परत इथेच पाठवली. आता जिच्या घरची लावणी, तिलाच ती सिनेमातल्यासारखी हुबेहूब म्हणावी लागते. नाही जमली तर गिऱ्हाईक म्हणतं, ओरिजिनलसारखी मजा नाही.

आणखी वाईट म्हणजे काही ठिकाणी पेटी-तबला कोपऱ्यात आणि साउंड सिस्टिम मध्यभागी. ढोलकीवाला पोट भरायला दुसरं काही बघतो. स्पीकर चहा मागत नाही, बिदागी मागत नाही, आजारी पडत नाही. मालकाला परवडतो. पण मग खोली छोटी असून काय उपयोग? रेकॉर्डवरचं गाणं दहा फुटांवरून ऐकायला एवढ्या लांब कशाला यायचं?

तालुक्यात मोठ्या मैफलीही आहेत, म्हणून छोट्या खोलीची किंमत कळते. चैत्र आला की गावोगावच्या यात्रांना तमाशाचे फड येतात. तंबू, ट्रक, जनरेटर, हजारो माणसं. ते आमचं स्टेडियम. तिथे शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचं म्हणून आवाज टिपेला लावावा लागतो, आणि तोही मोठा गुण आहे. या फडांना गाणी कोणी दिली? शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर. गण, गवळण, लावण्या, वग, सगळं लिहिलं. पंचक्रोशीतल्या फडांनी ते राज्यभर नेलं. 2018 चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, 2021 मध्ये ते गेले. शिरूरच्या आठवडे बाजारात उभं राहून दहा तरुणांना त्यांचं नाव विचारा. मग कोल्डप्लेच्या गायकाचं नाव विचारा. निकाल मी आधीच सांगत नाही, तुमचा उत्साह जाईल.

गेल्या काही वर्षांत तिसराही प्रकार आला आहे: नेत्याचा वाढदिवस. त्यात गौतमी पाटील यांचा कार्यक्रम, समोर दहा हजार माणसं, छतावर दोनशे, झाडावर पन्नास आणि पोलिसांची काठी. स्वतः गौतमीताई दमून जात असतील, कारण लोक नाच बघत नाहीत, एकमेकांच्या अंगावर पडतात. त्यातल्या त्यात सभ्य श्रोता 2023 मध्ये मुळशी तालुक्यात भेटला. तिथे त्या चक्क एका बैलासमोर नाचल्या. बैलाने शिट्टी मारली नाही, नोटा उधळल्या नाहीत, रील काढलं नाही. एवढी खासगी मैफल न्यूयॉर्कमध्येही कोणाच्या वाट्याला आली नसेल. बैलगाडा शर्यतीचा नाद आम्हाला असल्याने एक सांगतो, बैलाचं वागणं त्याच्या मालकांनी शिकून घ्यावं.

नोटांचं बोलायचं तर दौलतजादा हा आमचा जुना छंद. उसाचं बिल जमा झालं की काहींच्या खिशाला खाज सुटते. त्याच नोटा मार्च 2020 नंतर कुठे होत्या? टाळेबंदीत थिएटरं बंद पडली. गाणारणी, नाचणारणी, पेटीवाले, सगळे एका रात्रीत घरी बसले. मदतीसाठी निवेदनं द्यावी लागली. ज्या शौकिनांनी एकेका गाण्यावर हजारांच्या नोटा ओवाळल्या होत्या, त्यांच्यापैकी किती जण किराणा घेऊन गेले? तेव्हा मात्र कोणाचीही गाडी चौफुल्याला पंक्चर झाली नाही.

लाजेची वाटणीही बघा कशी आहे. ऐकणारा रात्री घरी जातो, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सोसायटीच्या बैठकीत शेजाऱ्याला संस्कृतीवर भाषण देतो. गाणारीचं मूल शाळेत आईचं काम सांगायला कचरतं. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' 1994 मध्ये लिहिलं आणि नावात बापाच्या जागी आईचं नाव ठेवलं. पुस्तक गाजलं, अभ्यासक्रमात गेलं, त्याच्यावर प्रबंध झाले. प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी कोणी थिएटरात बसून एक लावणी पूर्ण ऐकली असेल तर त्याचा सत्कार करायला मी तयार आहे.

काही जणांनी केलंही आहे. भूषण कोरगावकर थिएटरांत फिरले, बसले, ऐकलं आणि 2014 मध्ये 'संगीत बारी' हे पुस्तक लिहिलं. सावित्री मेधातुल यांनी त्याआधीच या कलावंतिणींवर माहितीपट केला होता. पुढे दोघांनी मिळून या बायकांनाच रंगमंचावर आणलं, शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावंतिणीची अदा शहरातल्या बायकांनी पुढच्या रांगेत बसून पाहिली आणि हरखून गेल्या. तिकीट काढून, उघड, नाव न लपवता. तेच गाणं शहरातल्या नाट्यगृहात कला ठरतं आणि रस्त्याकडेच्या केंद्रात भानगड. फरक पडतो तो फक्त पार्किंगचा.

म्हणून पुण्याच्या संगीत समीक्षकांना जाहीर विनंती आहे. सवाई गंधर्वला तुम्ही दर डिसेंबरात जाता, बँडच्या मैफलींना पास घेऊन जाता, दिवाणखान्यातल्या गाण्यांवर रकाने भरता. एकदा चौफुल्याला या. सगळं चांगलं लिहा असं मी म्हणत नाही. बेसूर असेल तर बेसूर लिहा, स्पीकर लावला असेल तर त्याचे वाभाडे काढा. पण गाणारीचं नाव लिहा, पेटीवाल्याचं लिहा, कोणती लावणी म्हटली ते लिहा. गुन्हे वार्ताहराला जरा सुट्टी मिळू द्या. गाडी पंक्चर होण्याची भीती वाटत असेल तर रेल्वेने या. पुणे-दौंड गाडी केडगावला थांबते, आणि चौफुला तिथून जवळ आहे.