मोकळे सर

घर रिकामं करायचं वेड लागलेला माणूस तुमच्याही गल्लीत असणारच. तो स्वतःचं घर आवरतो आणि तुमचं भरतो. वैजापुरात आमच्या वाट्याला जे आले आहेत, त्यांना सगळी गल्ली 'मोकळे सर' म्हणते. आडनाव निराळंच आहे. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून एकेक वस्तू दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवायची, हात झटकायचे आणि म्हणायचं, "मोकळा झालो बघा!" हा त्यांचा परिपाठ आहे. दुसऱ्याचा ओटा म्हणजे बहुतेक वेळा आमचाच.

सुरुवात झाली मोबाइलवर पाहिलेल्या त्या जपानी मारी कोंडोबाईंपासून. बाईंचं पुस्तक जपानात 2011 मध्ये आलं आणि मग जगभर गाजलं. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद झाला तर ठेवायची, नाही तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा, असं बाई सांगतात. सरांनी हे अक्षरशः पाळलं. पत्र्याच्या कोठीला दोन्ही हातांनी मिठी मारली, आनंद झाला नाही, आभार मानले आणि निरोप दिला. निरोप दिलेल्या वस्तूने पुढे कुठे जायचं, एवढं त्यांना शोधायचं होतं. ते काही अवघड गेलं नाही. मध्ये फक्त एक भिंत.

"सर, भंगारवाल्याला द्या की."

"भंगारात? अहो भाऊ, चांगली वस्तू आहे!"

या एका वाक्यावर आमच्या माळ्यावर तांब्याचा बंब आला, पाटा-वरवंटा आला, लोखंडी ट्रंक आली, आणि लग्नांत मिळालेली भिंतीवरची घड्याळं आली. त्यातली चालू घड्याळं एकमेकांशी सहमत नाहीत.

सगळ्यात गाजलं ते ड्रमचं प्रकरण. आमचा तालुका दुष्काळी. इथे पाण्याचा निळा ड्रम म्हणजे घरातला एक माणूसच. सरांनी तो भर श्रावणात आणून दिला. बाहेर पाऊस पडत होता, ड्रम पाहून आनंद होण्याचं कारण नव्हतं. "मोकळा झालो बघा!" चैत्र लागला तसे सर रोज सकाळी ड्रमच्या चौकशीला येऊ लागले. आधी नुसतं झाकण उघडून पाहायचे. मग कळशी घेऊन यायला लागले. शेवटी ड्रम भिंतीपलीकडे गेला आणि मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा अलीकडे आला. असं आता दरवर्षी होतं. गल्लीतली पोरं ड्रम कुठल्या अंगणात आहे ते पाहून ऋतू ओळखतात.

सामान ठेवायलाही आमची ना नव्हती. खरी पंचाईत भांड्यांची झाली. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय आहेर पुरा होत नाही. सरांची पातेली, ताटं, तांबे आले ते सगळे त्यांच्या नावासकट, कुणाकुणाच्या सप्रेम भेटीसकट, तारखांसकट. आमच्याकडे आलेला पाहुणा पाणी पितो, पेला वर करून बुडाचं नाव वाचतो आणि मग आमच्याकडे पाहतो. माझ्या मेहुण्याने तर विचारलंच, "भाऊजी, हा पेला कोणत्या पंगतीतला?"

आमची ही एकदा चिडून म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः काही सोडता की नुसतं हलवता?"

सरांनी थेट तुकोबांना पुढे केलं. आमच्याच तालुक्यातलं शिऊर, तिथे तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंची समाधी. सरांची वारी तिथे नेहमीची, त्यामुळे तुकोबा त्यांना घरचेच. "वहिनी, तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत सोडली. याला म्हणतात मोकळं होणं."

"इंद्रायणीत सोडली. शेजाऱ्याच्या माळ्यावर नाही."

सर क्षणभरही अडखळले नाहीत. "निम्मीच सोडली. निम्मी धाकट्या भावाला दिली, कान्होबाला."

तेव्हापासून मी कान्होबा. पुढे मीही एक डाव टाकून पाहिला. तीन मुलं झाल्यावर घर नीटनेटकं ठेवण्याचा नाद आपण जरा सोडला आहे, असं त्या जपानी बाईंनीच 2023 मध्ये कबूल केलं होतं, ते सरांना ऐकवलं. सर हळहळले. "बिचारीला शेजार चांगला नसेल."

तसं पाहिलं तर आवराआवर आपल्याला नवी नाही. दिवाळीआधी आपण माळे झाडतोच. पण जुने कपडे बोहारणीला देतो आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतो. संक्रांतीला बायका वाण लुटतात आणि लुटून आलेल्या गाळण्या-डब्या पुढच्या संक्रांतीला कुणाला द्यायच्या याची यादी करतात. वस्तू फिरत राहते, घराबाहेर पडत नाही. सर त्या मानाने प्रामाणिक. बदल्यात डबा मागत नाहीत.

आणि एक वस्तू त्यांनी आणली तेव्हा ते काहीच बोलले नव्हते. त्यांच्या पत्नीचं शिलाई मशीन. बाई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात दोघांनी धरून ते आमच्या पडवीत ठेवलं. हात झटकणं नाही, 'मोकळा झालो' नाही. अधूनमधून तेलाची कुपी घेऊन येतात, चाक फिरवून बघतात, हिला म्हणतात, "वहिनी, वापरत जा, नाही तर जाम होतं." हिला शिवण येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. तरी ही आता त्या मशीनवर फडका मारून ठेवते. बाकीच्या पसाऱ्यावर मात्र धूळ असते.

मग एकदा कळलं, हे सगळं चाललंय ते ठाण्याच्या मुलाने 'इकडेच या आता' म्हटल्यामुळे. त्याच्या फ्लॅटमध्ये सरांच्या वाट्याला भिंतीतल्या कपाटाचा एक खण आहे. माळा नाही, अंगण नाही, गच्ची सोसायटीची. एका खणात मावेल इतका माणूस होण्याची सर तालीम करत होते, आणि उरलेला माणूस हप्त्याहप्त्याने आमच्याकडे ठेवत होते. हे कळल्यावर मी माळ्यावरची माझीच दोन खोकी खाली काढली. आवडीने नाही, पण काढली.

समृद्धी महामार्गावरून मुलगा गाडी घेऊन आला आणि सरांना घेऊन गेला. गल्ली सुनी झाली वगैरे म्हणायला आम्हाला उसंत मिळाली नाही. दिवाळीला तीच गाडी परत आली. आधी सर उतरले, मग डिकीतून व्यायामाची एक सायकल उतरली, जिच्यावर वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे अजून होते.

"मुलगा टाकायला निघाला होता," सर म्हणाले. "अहो भाऊ, चांगली वस्तू आहे!"

हिने सायकलला सगळीकडून फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "हिच्यावर नाव नाही घातलंत?"