ग्राफिक्स कार्डाची मारबत

नागपूरच्या इतवारीत मालाची वर्गवारी ओळींनी होते: सोन्याला सराफा ओळ आहे, वाणसामानाला किराणा ओळ आहे, लोखंडाला लोहा ओळ आहे. जुन्या संगणकांच्या सुट्या भागांना मात्र पेठेने अद्याप ओळ दिलेली नाही, त्यामुळे ते सीताबर्डीच्या दुकानांतून, कार्यालयांच्या लिलावांतून आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवरून एकेक करून येतात आणि किराणा ओळीतल्या एखाद्या गादीच्या मागच्या खोलीत एका पत्र्याच्या कॅबिनेटात राहू लागतात. दिवसा त्या यंत्रावर मुनीमजी टॅली चालवतात आणि रात्री शेटजींचा नातू मोटारी उधळतो. ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते ते या रात्रपाळीसाठी. ते बंद पडल्याचा शोध मात्र सकाळी, आणि तोही बहुधा जीएसटीचे विवरण भरण्याच्या शेवटच्या तारखेला लागतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील लक्षावधी ठिपक्यांचे रंग ठरवण्याचे ओझे मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवून घेणारा, स्वतःची चीप, मेमरी आणि पंखे बाळगणारा भाग. यंत्रात सर्वांत महाग, सर्वांत जड आणि झाकण उघडताच प्रथम नजरेत भरणारा तोच असल्यामुळे, दोष कोणाचाही असो, आळ त्याच्यावर येतो. या न्यायपद्धतीला इतवारीत जुनी परंपरा आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी मारबत (1881 पासून) आणि पिवळी मारबत (1885 पासून) यांची मिरवणूक निघते, आणि वर्षभराची रोगराई, महागाई व उरलीसुरली पीडा या दोन पुतळ्यांवर लादून त्यांची बोळवण केली जाते. महागाई मारबतीने केलेली नाही, हे मिरवणुकीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. कार्डाच्या बाबतीत मात्र मिरवणूक काढणाऱ्यांचा खरोखरच तसा समज असतो.

व्याधीचे पहिले लक्षण 'डिस्प्ले येत नाही' या नावाने ओळखले जाते, म्हणजे पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळा राहतो. अशा वेळी बायोस, म्हणजे विंडोज जागी होण्यापूर्वी घरातल्या सर्वांची हजेरी घेणारा मूळ आज्ञासंच, शिट्ट्यांच्या भाषेत तक्रार करतो: अ‍ॅवॉर्ड जातीच्या बायोसवर एक लांब व दोन आखूड शिट्ट्या झाल्यास रोख चित्रयंत्रणेवर असतो, आणि एएमआय जातीच्या बायोसवर आठ आखूड शिट्ट्या कार्डाच्या मेमरीकडे बोट दाखवतात. परंतु शिट्टी वाजवणारा चिमुकला स्पीकर पूर्वीच्या कोणा मालकाने काढून ठेवलेला असतो, आणि तो शाबूत असला तरी शिट्ट्या सात झाल्या की आठ यावर गादीवर एकमत होत नाही. "कार्ड गेलं वाटते, भाऊ," असे निदान शेटजींनी मेकॅनिकला फोनवरच कळवलेले असते. झाडू मारताना निसटलेली मॉनिटरची केबल कोणीतरी कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टात खोचून ठेवली आहे, ही शक्यता इतकी स्वस्त असते की तिचा विचार कोणी करत नाही. शिवाय प्रोसेसरच्या नावाअखेर एफ हे अक्षर असेल, उदाहरणार्थ आय-5 9400एफ, तर त्याला स्वतःचे चित्र काढताच येत नाही आणि बोर्डावरचे ते पोर्ट निव्वळ शोभेचे ठरते.

झाकण उघडताच मेकॅनिक शिंकतो, आणि ही शिंक तपासणीची पहिली पायरी मानण्यास हरकत नसावी. किराणा ओळीतली धूळ ही साधी धूळ नव्हे. तिच्यात हळद असते, मिरची असते, धन्याचा भुसा असतो आणि उन्हाळ्यात कूलरच्या जाळीतून सुटलेले गवताचे तंतूही असतात, आणि कूलरच्या ओलसर हवेने या सर्वांचा असा काही लेप बनतो की पंख्याच्या पात्यावरून तो नखाने अखंड सोलून काढता यावा. त्यानंतर कार्ड खाचेतून उपसून त्याच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर घासले जाते. दात सोनेरी दिसतात, कारण त्यांवर खरोखरच सोन्याचा पातळ मुलामा असतो. सराफा ओळ इतकी जवळ असूनही या सोन्याची विचारपूस कोणी केलेली नाही. उपाय हास्यास्पद वाटला तरी गुणकारी आहे, आणि अर्धी 'गेलेली' कार्डे दोन रुपयांच्या रबराने परत येतात, असे मेकॅनिक मंडळी सांगतात.

उरलेल्या अर्ध्यांचे मूळ एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीतली वीज यंत्राला पचेल अशी करून देणाऱ्या डब्यात, शोधावे लागते. कार्ड ज्या खाचेत बसते ती पीसीआय एक्स्प्रेस खाच 75 वॅटपर्यंत वीज पुरवते, सहा पिनांची जादा तार आणखी 75 आणि आठ पिनांची 150. आरएक्स 580 सारख्या कार्डाची भूक 185 वॅट आहे. किराणा ओळीत पोत्यावर लिहिलेल्या वजनावर कोणी विश्वास ठेवत नाही, पोते काट्यावर चढते. त्याच गादीवर एसएमपीएसवर छापलेला 450 हा आकडा, डबा हातात फुलासारखा हलका लागत असूनही, बिनतक्रार मान्य होतो. नातवाची मोटार तिसऱ्या वळणावर पोहोचली की कार्ड पूर्ण भूक मागते, डबा मान टाकतो, यंत्र पुन्हा सुरू होते आणि ठपका कार्डावर बसतो.

कार्ड सदैव निर्दोष असते असा दावा येथे नाही. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांकरवी चालणारे 'खाणकाम' बंद केले, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे 'घरगुती वापर' या बिरुदासह जुन्या बाजारात उतरली. काही कार्डे तर भेसळीचीच असतात: 2010 सालच्या जीटीएस 450 चा बायोस बदलून तिला 1050 टीआय म्हणून विकले जाते. काळ्या मिरीतले पपईचे बी दोन बोटांत चोळून ओळखणारा व्यापारी येथे खुशाल फसतो, वास्तविक जीपीयू-झेड ही फुकट मिळणारी आज्ञावली अशा कार्डाच्या नावापुढे चक्क 'फेक' असे लिहून दाखवते. हीच आज्ञावली दाखवते त्या तापमानाच्या आकड्यांबाबत मात्र नागपूरकराचा संशय समर्थनीय आहे, कारण मे 2024 च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंशांची नोंद केली आणि तो संवेदकाचा दोष निघाला. सुटलेले डाख जुळावेत म्हणून कार्ड भट्टीत भाजण्याची एक विद्याही प्रचलित आहे. शिशाविना बनलेला डाख सुमारे 217 अंशांना वितळतो, आणि तेवढी मजल नागपूरच्या सदोष संवेदकानेही अद्याप मारलेली नाही.

शेवटी बोळवण होतेच. कार्ड निम्म्या किमतीत परत जाते, 'टेस्टिंग वॉरंटी'वर, म्हणजे दुकानाच्या पायरीवर संपणाऱ्या हमीवर, मस्कासाथेतला कोणी ते घेतो, आणि त्याच्या घरी ते एका टोकाला माचिसच्या डबीचा टेकू घेऊन मुकाट्याने काम करू लागते. किराणा ओळीत त्याच्या जागी दुसरे, अधिक महागाचे आणि अधिक भुकेचे कार्ड बसते. मुनीमजी विवरण भरतात, रात्री नातू मोटार काढतो, तिसरे वळण येते, पडदा काळा होतो, आणि सकाळी मेकॅनिकचा फोन वाजतो: "भाऊ, हेही कार्ड गेलं वाटते."