पानिपतावर पूल बांधणाऱ्यास खुले पत्र

श्री. नकाशाकार यांस,


तुमचा ‘पानिपत १७६१’ हा गेमचा मॅप खेळून पाहिला. धन्य आहात!

मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या छावणीला लागूनच तुम्ही चार हिरवीगार शेतं आणि वर सोन्याची खाण दिलीत. केवढं हे औदार्य! खरे भाऊसाहेब ऑक्टोबर १७६० अखेरपासून तिथे कोंडले गेले. रसदेसाठी धडपडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, जनावरं पटापट मरू लागली, आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत फौज १४ जानेवारीला बाहेर पडली. माझ्याकडे मात्र पाचव्या मिनिटाला धान्य इतकं साठलं की विकायला काढलं. लढाईला निघायचं काही कारणच उरेना, मग मी बाजारपेठ वाढवत बसलो.

दुसरी कमाल दिशांची. मराठे खाली, त्यांचा शत्रू अब्दाली वर. बरोबरच आहे, पुणं दक्षिणेला, मग मराठे दक्षिणेलाच असणार! फक्त त्या दिवशी मराठ्यांची तोंडं दक्षिणेकडे होती, एवढीच बारीकशी अडचण. कुंजपुऱ्याचा किल्ला घेऊन ते उत्तरेतच असताना अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो दिल्लीच्या वाटेत येऊन बसला. दोघांनीही एकमेकांची घरची वाट अडवली होती. साऱ्या लढाईची गोम ती हीच, आणि तीच तुम्ही मॅप उलटा करून झटकून टाकलीत.

बरं, यमुना. पावसाळाभर दोन्ही फौजांना दोन काठांवर ताटकळत ठेवणारी ती नदी, तिच्यावर तुम्ही तीन दगडी पूल बांधून मोकळे! तेही दोन्ही बाजूंना समान अंतरावर, म्हणजे ‘बॅलन्स’ बिघडायला नको. मधल्या सपाट मैदानात टेकड्या कुठून आल्या हे मी विचारत नाही. भाऊंना त्या मिळाल्या असत्या तर त्यांनी तुमचा सत्कारच केला असता.

मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्याच्या अवजड तोफा तुमच्याकडे घोडेस्वारांच्या बरोबरीने दौडतात, हे पाहून त्या ओढणाऱ्या बैलांचं ऊर भरून आलं असेल. फौजेबरोबरचे यात्रेकरू, बायकापोरं, बाजारबुणगे यांचं तर नावच नाही. त्यांना ठेवा की! लढता न येणारी पण खाणारी तोंडं, आणि त्यांना सांभाळत दिल्लीची वाट मोकळी करायची. शेतं काढा, पूल पाडा, छावण्यांची अदलाबदल करा. मग मराठ्यांकडून खेळणाऱ्याला घाम फुटेल. बॅलन्सची फारच काळजी असेल तर जिंकण्याची अट बदला: फौज शाबूत ठेवून दिल्लीला पोचलात की जिंकलात.

पुढचा मॅप मराठे-निजाम यांच्या राक्षसभुवनच्या लढाईचा करताय म्हणे. तिथे ऑगस्ट १७६३ मधली, पावसाळ्यातली गोदावरी आहे. निजाम पलीकडच्या काठावर, आणि अलीकडे त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला जात होता, तरी निजामाला मदत धाडता येत नव्हती. तेव्हा तिथे पूल बांधायचा मोह झालाच, तर आधी मला एक फोन करा.

आपला,
पाचव्या मिनिटाचा धान्यव्यापारी