मांजराची फाइल

पार्किंगमध्ये सापडलेलं मांजराचं पिल्लू घरात ठेवून घेणं हा भूतदयेचा प्रश्न आहे, असा कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचा पक्का समज असतो. म्हणून ते रात्रीच्या जेवणाला गळा दाटून आणून बोलतात आणि आमटी वाढून होईपर्यंत हरलेले असतात. डोंबिवलीतल्या कुठल्याही चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीचा जिना पाहावा. जी माउली ‘घरात मांजर आलं तर मी माहेरी जाईन’ म्हणते, तीच दुपारी बांगड्याची डोकी कागदात गुंडाळून तळमजल्यावर नेऊन ठेवते. दया या घरांत भरपूर आहे, फक्त तिचं वाटप उंबरठ्याबाहेर होतं. तेव्हा आणखी दया मागून काही साधत नाही. साधतं ते कागदाने. मराठी मध्यमवर्गीय घरात ज्याचा कागद कपाटातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गेला, त्याचा घरावरचा हक्क सहसा कोणी काढत नाही. टीव्ही भंगारात गेल्यावरही त्याचं गॅरंटी कार्ड वर्षानुवर्षं जागा अडवून असतं. प्रस्तुत मार्गदर्शनाचा सगळा डोलारा या निरीक्षणावर उभा आहे: आधी फाइल घरात न्यावी, मग मांजर.

फाइलमधला पहिला कागद म्हणजे लसीकरणाची पुस्तिका. तीत डॉक्टर झालेल्या डोसची तारीख लिहितात, पुढच्या डोसचीही लिहितात, आणि तिच्यासमोरची सहीची जागा मोकळी राहते. ही मोकळी जागा फार मोलाची. ज्या घरात मुलांचा एकही पोलिओ डोस चुकला नाही, त्या घराला अर्धवट पुस्तिका बघवत नाही. दुसरा कागद नसबंदीचा. ‘आज एक आणलीस, उद्या पाच होतील’ हा आईचा आक्षेप वरवर रागाचा वाटतो, पण तो गणिताचा आहे आणि गणित बरोबर आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, साधारण दोन महिन्यांत विते, आणि एका वेताला तीन-चार पिल्लं सहज होतात. म्हणजे जुलैत आणलेलं पिल्लू दुसरं सेमिस्टर संपायच्या आत आई आणि पुढच्या गणपतीपर्यंत आजी होऊ शकतं. याला उत्तर वक्तृत्वाने देऊ नये, तारखेने द्यावं. डोंबिवलीत प्राण्यांसाठी काम करणारी ‘पॉज’सारखी संस्था आहे, गल्लोगल्ली पाळीव प्राण्यांचे दवाखाने आहेत. तिथे आधी विचारून, शस्त्रक्रियेचा महिना कागदावर लिहून घेऊनच घराची बेल वाजवावी.

कागद तयार झाले तरी ते कोणापुढे ठेवायचे, इथे बरेच अर्ज फसतात. कुटुंबप्रमुख म्हणून वडिलांकडे जाण्याची प्रथा आहे. पण सकाळची फास्ट पकडून रात्री नऊला परतणारा माणूस जागेपणी घरात दोन-तीन तास असतो, त्यातला एक बातम्यांचा. मांजर राहणार उरलेल्या वेळात. त्यामुळे अर्ज अकरा ते पाच घरात असणाऱ्या व्यक्तीकडे करावा. ती आई असेल, आजी असेल. दोघीही नोकरीच्या किंवा भजनी मंडळाच्या कामात असतील, तर हा मुद्दा आपल्या बाजूने वापरावा, कारण दिवसाचे बारा-पंधरा तास झोपणाऱ्या प्राण्याला रिकामा वन बीएचके गैरसोयीचा वाटत नाही. दिवस मेगाब्लॉकच्या रविवारचा निवडावा. त्या दिवशी कोणालाच कुठे जायचं नसतं आणि सगळ्यांचा राग रेल्वेवर निघून गेलेला असतो.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पहिला आक्षेप सोसायटीचा येतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. या सूचनांची प्रत फाइलला जोडावी, मात्र ती घरात दाखवण्यापुरती. सेक्रेटरीला दाखवली की पार्किंगचा जुना विषय निघतो. दुसरा एक कायदा मात्र चुकूनही जोडू नये. प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे खरा, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. हे वाचून वडील पाकीट काढतील. मांजर अशुभ असं आजी म्हणाली, तर बाळाच्या जन्मानंतर जिची पूजा घातली जाते त्या षष्ठीचं वाहन मांजरच, एवढं सांगून गप्प बसावं. शाकाहारी घराची अडचण अधिक खरी आहे. मांजर वरणभातावर जगत नाही. त्याला लागणारं टॉरिन निसर्गतः मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळतं. आई वाटीभर दूध पुढे करील, ही शरणागतीची पहिली खूण, पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही आणि त्याचे परिणाम लादीवर दिसतात. अशा घरात कोरड्या खाद्याचं पाकीट आणावं. दिसायला ते शंकरपाळ्यांइतकं निरुपद्रवी असतं आणि पाकिटावरचं मासे-कोंबडीचं चित्र ते डब्यात रिकामं केलं की दिसत नाही.

राहिला एक आक्षेप, आणि त्याला या मार्गदर्शकाकडे पळवाट नाही. पदवी तीन-चार वर्षांची. घरात सांभाळलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. पुढे पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी लागली की लिटरचा ट्रे कोण साफ करणार? ‘मी सोबत नेईन’ असं कोणी म्हणू नये. आईने हे वाक्य गिटारबद्दलही ऐकलेलं असतं, आणि ती गिटार माळ्यावर आहे. खरी स्थिती अशी की दत्तक आईवडीलच घेत असतात, विद्यार्थी मधला दलाल. हे मान्य करायला तो तयार नसेल, तर त्याने पिल्लासाठी दुसरं घर शोधावं, तेच शहाणपणाचं. तयार असेल, तर पुस्तिकेतला मालकाच्या नावाचा रकाना स्वतःच्या नावाने भरण्याचा मोह आवरावा. तिथे वडिलांचं किंवा आईचं पूर्ण नाव लिहावं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आहे तसंच, स्पेलिंगसकट. मग पुस्तिका टेबलावर ठेवून दोन दिवस विषय काढू नये. तिसऱ्या दिवशी वडिलांनी ‘याची एक झेरॉक्स काढून ठेव’ असं म्हटलं, की अर्ज मंजूर झाला असं समजावं.