पाणउतारा

आमच्या खडकीत १८६९ सालापासून काडतुसं बनतात. रणगाड्यांचं कोठार आमच्याकडे आहे. नदीवर पूल बांधणारे आणि वेळ आली तर तोच पूल उडवून देणारे बॉम्बे सॅपर्सही आमचेच. एवढा दारूगोळा उशाशी घेऊन आम्ही रात्री झोपतो आणि सकाळी उठून स्वयंपाकघरातली सुरी टोमॅटोवर ठेवतो. टोमॅटो आधी दबतो, मग जरा विचार करतो आणि शेवटी कंटाळून स्वतःच फुटतो.

माझे वडील, अण्णा, फॅक्टरीत फिटर होते. फॅक्टरी म्हणजे ॲम्युनिशन फॅक्टरी. खडकीत तिला आडनाव लावायची पद्धत नाही. २०२१ मध्ये सरकारनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून कंपन्या केल्या, तेव्हा अण्णांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्यांनी दोन दिवस घरात बोलणं टाकलं होतं, जणू आम्हीच ठराव मांडला होता. मिलिमीटरचा शंभरावा भाग ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्यांच्या पोटी भिंतीत सरळ खिळा ठोकता न येणारा मी जन्मलो आणि बँकेत लागलो. धातुविद्या आमच्या घराण्यात एक पिढी गाळून पुढे गेली हे मला फार उशिरा कळलं.

कन्या आठवीत. तिनं ‘फोर्ज्ड इन फायर’ नावाचा अमेरिकन कार्यक्रम पाहिला. त्यात चार दणकट माणसं लोखंड तापवून पाती घडवतात आणि परीक्षक ती पाती घेऊन समोर दिसेल ते तोडत सुटतात. त्याच दिवशी आमची सुरी भोपळ्यात अडकली होती.

“बाबा, आपण सुरी बनवू या.”

“विकत आणू या की.”

“आजोबा फिटर आणि आपण सुरी विकत आणायची?”

हे अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं गेलं. अण्णांनी पेपर खाली केला नाही, पण पान उलटायचं थांबलं.

बँकेतला माणूस असल्यामुळे मी आधी कायदा पाहिला. पुण्यात हल्ली ‘कोयता’ असा शब्द मोठ्यानं उच्चारला तरी लोक खिडक्या लावून घेतात. पण शस्त्र नियमांचं म्हणणं समंजस निघालं: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची भानगड, त्यातूनही घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळलेली. आमचं पातं पाच इंची ठरलं. शेजारच्या काकांना मी हे आपण होऊन सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून ते मला पाहून जरा जास्तच हसतात.

सुरीला पोलाद चांगलं हवं, आणि जुन्या कानशीत ते असतं. कानस म्हणजे लोखंडाला खाणारं लोखंड; तिच्यात कार्बन भरपूर, म्हणून ती पाणी घेते. अण्णांच्या पेटीत झिजलेली एक दहा इंची कानस होती. कन्येनं ती मागितली.

“दात गेले म्हणून भट्टीत घालता होय?” अण्णा म्हणाले. विषय कानशीचाच असावा, असं धरून आम्ही तो वाढवला नाही. रविवारी जुन्या बाजारात जाऊन दुसरी आणली.

भट्टी अंगणात लागली. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम भंगारवाल्याकडून, कोळसा इस्त्रीवाल्याकडून, आणि भाता म्हणून हिचा केस वाळवायचा ड्रायर, हिला न विचारता. बोपोडीच्या रस्त्याकडेला दर वर्षी घिसाडी कुटुंबं येऊन बसतात, त्यांचं काम कन्येनं शाळेच्या बसमधून डोळ्यांत साठवलेलं होतं. नवरा सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोड्यानं जागा दाखवतो, बायको त्याच जागी घण घालते, आणि सगळ्यात लहान जे पोर असेल ते भात्याचं चाक फिरवतं. आमच्याकडे अंगभूत कौशल्याप्रमाणे वाटणी झाली. कन्या सांडशीवर, आणि मी, वय वर्षं शेहेचाळीस, भात्यावर.

अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले. १८१७ साली ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली तेव्हा खाली बापू गोखले लढत होते आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत होते, असं सांगतात. बाजीरावांना तिथून काय दिसलं असेल ते असो. अण्णांना ओट्यावरून सगळं दिसत होतं.

कानस लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवायची, म्हणजे ती मऊ पडते. मग दुसऱ्या, धडधाकट कानशीनं तिला घासून पात्याचा आकार द्यायचा. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना आधी लोखंडाचा ठोकळा सपाट घासायला बसवतात, तेच हे काम, आणि दिसतं त्याच्या दसपट अवघड आहे. माझा ठोकळा असता तर त्याची होडी झाली असती.

“मागे ओढू नकोस,” ओट्यावरून आवाज आला. “कानस जाताना कापते, येताना नाही. दाढीचा ब्रश फिरवतोयस का?”

कन्येचा हात मात्र मी नुसता पाहत राहिलो. दोन्ही पाय रोवलेले, उजवा तळवा मुठीवर, डाव्या हाताची बोटं कानशीच्या टोकाला, आणि सगळा जोर खांद्यातून. पुढे जाताना ‘खर्रर’, मागे येताना कानस उचललेली, आवाज नाही. दर दहा हातांनी ती थांबून पातं डोळ्यासमोर आडवं धरायची, एक डोळा मिटून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. अण्णा तस्संच बघतात, अगदी पोळीसुद्धा.

आठ संध्याकाळी घासण्यात गेल्या. मग पाणी द्यायचा दिवस आला. दिवेलागणीची वेळ धरली, कारण तापल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक तारेला टांगून ठेवलं होतं: साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला ओळख देईनासं होतं, त्याच्या थोडं पुढे गेलं की भट्टीतून काढायचं. इथवर आमचं एकमत होतं. कन्या म्हणाली, आता तेलात बुडवायचं.

इथे माझ्यातला मराठीचा अभिमानी उठला. “आपल्या भाषेत पात्याला पाणी देतात. पाणीदार पातं म्हणतात. पाणी जोखतात. तेलदार पातं कधी ऐकलंयस?”

“बाबा, पातं पातळ आहे, पाण्यात एकदम गार होऊन तडकेल.”

“शेकडो वर्षांची भाषा खोटी आणि तुझा मोबाइल खरा?”

ओट्यावर शांतता होती. अण्णांची शांतता म्हणजे संमती नव्हे, हे मी शेहेचाळीस वर्षांत शिकायला हवं होतं. बादली आणली. केशरी पातं पाण्यात गेलं, चर्रर झालं, वाफ आली, आणि त्या वाफेतून एक छोटासा, स्वच्छ, देवघरातल्या घंटीसारखा आवाज आला. टिंग.

पात्याला पोटापासून पाठीपर्यंत केसाएवढी भेग होती. आठ संध्याकाळी.

कन्या काही बोलली नाही. आत जाऊन दार लावलं, तेही न आपटता. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. अण्णा खुर्ची उचलून जाताना एवढंच म्हणाले, “बँकेत व्याकरणाचा विभाग आहे का रे?”

सकाळी टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती. तेलाचा हात फिरवलेली दहा इंची कानस. सोबत १९७४ सालची बोहरी आळीतल्या दुकानाची पावती, घडीवर फाटलेली. इतक्या वर्षांच्या नोकरीत फॅक्टरीच्या गेटातून एक टाचणी बाहेर आणली नाही, हा अण्णांचा अभिमान. नातीला कानस देतानाही ती स्वतःच्या पैशांची आहे हे कागदोपत्री सिद्ध झालेलं बरं. कन्येनं पावती दप्तरात ठेवली आणि कानस राखेत.

दुसऱ्या खेपेला मला मत नव्हतं. लोखंडाच्या उभट डब्यात शेंगदाण्याचं तेल कोमट करून ठेवलं, झाकण हाताशी. पातं टोकाकडून सरळ आत गेलं, भुस्सकन ज्वाळा उठली आणि बसली. दहा मिनिटांत शेजारचे काका फाटकाशी आले. “भजी?” त्यांनी आशेनं विचारलं. मी म्हटलं, “सुरी.” तेव्हापासून ते हसणंही बंद झालं आहे.

कानस पात्यावर फिरवली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. म्हणजे पाणी चढलं होतं. मी आनंदानं ओरडलो. कन्येनं आजोबांकडे पाहिलं.

“एवढं कडक कामाचं नाही,” अण्णा म्हणाले. “पडलं तर काचेसारखं फुटेल. आता थोडा पाणउतारा करायचा.”

त्या कामात अण्णांचा हात धरणारा उभ्या पुणे जिल्ह्यात सापडणार नाही. पण इथे त्यांना अक्षरशः तेच म्हणायचं होतं. पातं पुन्हा मंद तापवून चढलेलं पाणी जरा उतरवायचं, म्हणजे धार टिकते आणि पातं लवतंही. दोनशे अंश, दोन तास. अशी हमखास आच आमच्या घरात फक्त हिच्या ओव्हनमध्ये मिळते. नानकटाईचा ट्रे बाहेर आला आणि पातं आत गेलं. ही कमरेवर हात ठेवून उभी होती. ड्रायरचा शोध तिला तोवर लागला होता.

दोन तासांनी घासलेल्या पात्यावर फिकट पिवळा रंग आला होता, कढवताना कडेला तूप दिसतं तसा. अण्णांनी चष्मा वर करून तो पाहिला. मला वाटलं, आता शाबासकी. ते म्हणाले, “डाव्या बाजूला अर्धी छटा जास्त.”

मुठीला हिचं तडकलेलं शिसवी लाटणं कामी आलं. (ते तडकलेलं होतं की आम्ही तडकवलं, याबद्दल घरात दोन मतं आहेत.) रिवेटला पितळेची सळई आणली. अण्णांनी ती बोटांत फिरवली, कानशीचा एक हात मारला आणि बाजूला ठेवली. “हे आमचं पितळ नाही. आमचं सत्तर-तीस. तांबं सत्तर, जस्त तीस. काडतुसाला दुसरं चालतच नाही.” मी म्हटलं, अण्णा, ही कांद्याची सुरी आहे. ते म्हणाले, “म्हणून काय झालं?”

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर हत्यारं मांडतात. फार भीतिदायक दृश्य असतं: विळी, अडकित्ता, अण्णांचं व्हर्निअर, माझा लॅपटॉप. यंदा विळी आणि व्हर्निअरच्या मधे सुरी होती, मुठीला झेंडूचं फूल. पूजा झाली, हळदीकुंकू वाहिलं, आणि अण्णांनी देवापुढचं व्हर्निअर उचलून सुरीची पाठ मोजायला सुरुवात केली. मुठीपाशी, मधे, टोकाला. मग पुन्हा मुठीपाशी. कन्या श्वास धरून उभी. दिव्याची वात तेवढी हलत होती.

“तीन पूर्णांक एक. मधे तीन पूर्णांक चार,” अण्णा म्हणाले. “रिजेक्ट.”

“आजोबा!”

“आणि रिजेक्ट माल गेटाबाहेर जाऊ द्यायचा नसतो.” असं म्हणून त्यांनी सुरी स्वच्छ पुसली, धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळली आणि आपल्या कपाटाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. किल्ली जानव्याला.

रोज दुपारी चार वाजता खण उघडल्याचा आवाज येतो. अण्णा सफरचंद सोलतात. साल एकच, न तुटता, बशीत वेटोळं होऊन पडते. ती ते नातीला दाखवायला ठेवतात. आम्ही स्वयंपाकघरात जुन्या सुरीनं टोमॅटो दाबत असतो. कन्येनं काल मला विचारलं, बाबा, ड्रायर चालू आहे ना अजून?