दिवाळी आणि तांत्रिक अडचण

मराठी मध्यमवर्गीय घरात नवे यंत्र प्रायः दिवाळीच्या सुमारास प्रवेश करते, आणि याला धनत्रयोदशीचा शुभयोग जितका कारणीभूत असतो तितकाच बोनस आणि सवलतींचा हंगामही असतो. परंतु ज्या आठवड्यात घरातील प्रत्येक माणूस आधीच कामाने वाकलेला असतो त्याच आठवड्यात त्या यंत्राची शिकवणीही उरकावी लागते, हा विचार दुकानात कोणाला सुचत नाही. यंत्राने श्रम वाचतात हा सर्वमान्य सिद्धान्त सणापुरता तरी तपासून घेणे भाग आहे, कारण श्रम होते तेवढेच राहतात आणि घरात शब्द कोणाचा चालावा हा मिटलेला प्रश्न मात्र पुन्हा उकरला जातो. या दृष्टीने २०२४ची दिवाळी अभ्यासण्याजोगी असून ठाण्यातील एक कुटुंब, ज्यात आजी, आजोबा, कर्ते गृहस्थ, सूनबाई आणि नववीतील नातू असे पाच जण आहेत आणि ज्यातील थोरली लेक अमेरिकेत न्यू जर्सीतील एडिसनला असते, ते येथे उदाहरणादाखल घेतले आहे.

पहिला मतभेद तारखेवरूनच झाला. त्या वर्षी आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपत होती, आणि लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या काही घटकांत, करावयाचे असल्यामुळे दोन्ही संध्याकाळींना आपापला दावा सांगता येत होता. देशात अनेक ठिकाणी ३१ तारीख धरली गेली, तर दाते पंचांगाने १ नोव्हेंबर ग्राह्य मानली. नातवाच्या फोनमधील कॅलेंडर ३१ तारखेवर ठाम होते. आजींनी पंचांगाचे पान उघडून समोर ठेवले आणि जे रोज रात्री अपडेट होते त्यावर देवाचे काम सोपवता येत नाही, असा निवाडा दिला, ज्याला तर्कशास्त्राच्या कोणत्याही नियमाने खोडता आले नाही.

अभ्यंगस्नानाची गोष्ट याहून गंभीर होती. नरकचतुर्दशीला तेल-उटणे लावून सूर्योदयापूर्वी ऊन पाण्याने जो स्नान करत नाही तो नरकात जातो, असा समज असल्यामुळे घरात या दिवशी गजराला चुकारपणा चालत नाही. नातवाने गीझरला स्मार्ट प्लग जोडला होता. स्मार्ट प्लग म्हणजे वाय-फायवरून मिळणाऱ्या हुकमाप्रमाणे वीज चालू-बंद करणारे बटण, आणि त्याला पहाटे साडेचारची वेळ नेमून दिलेली होती. तथापि आजोबा रात्री झोपण्यापूर्वी घरातील सर्व लाल-हिरवे दिवे विझवण्याचे व्रत कित्येक वर्षे निष्ठेने पाळत आले होते, आणि वाय-फायच्या राउटरलाही त्यांनी त्यातून वगळले नव्हते. परिणामी हुकूम पोहोचलाच नाही, पाणी थंडगार राहिले, आणि आजोबांनी सर्वांत आधी आंघोळ उरकून, आपल्या लहानपणी असेच असायचे, हे जाहीर केले. त्यांच्या लहानपणी बंब होता आणि त्यातले पाणी कडकडीत असे, ही माहिती आजींनी न विचारता पुरवली. बाल्कनीतील रोषणाईच्या माळेलाही अ‍ॅप लागत होते. तिच्याविषयी एवढेच सांगता येते की ती भाऊबीजेपर्यंत निळीच राहिली.

एअर फ्रायरचा प्रयोग मात्र विस्ताराने नोंदवायला हवा. हे यंत्र नावाप्रमाणे तळत नाही. त्यात वर एक तापणारी कॉइल आणि तिच्यामागे पंखा असतो, आणि तो गरम हवा पदार्थाभोवती वेगाने फिरवतो, म्हणजे शास्त्रीय दृष्टीने ती एक छोटी भट्टीच असते. सूनबाईंनी ते तेल कमी करण्याच्या सद्हेतूने आणले होते आणि सदर हेतूबद्दल कोणाचाही आक्षेप नव्हता. आजींनी भाजणीत मोहन, म्हणजे पिठात घालावयाचे कडकडीत तेल, नेहमीच्याच मापाने घातले, सोऱ्याने चकल्या पाडल्या, आणि एका वेळी सहाच मावतात हे कळल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण उरलेल्या पिठाच्या परातीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. खरी अडचण पुढे उभी राहिली. कढईत चकली सोडली की पिठातील पाण्याची वाफ होऊन तेलाला भरपूर बुडबुडे येतात, ते हळूहळू ओसरले की चकली झाली असे समजतात, आणि या खुणेवर कित्येक पिढ्यांचा फराळ निर्धास्त तळला गेला आहे. हवेला बुडबुडे येत नाहीत. त्यामुळे आजी दर दोन मिनिटांनी यंत्राचा खण ओढून पाहू लागल्या, प्रत्येक वेळी आतील उष्णता स्वयंपाकघरात आली, आणि पहिला घाणा बाहेर पडला तेव्हा चकल्यांना काटे होते, वेढे होते, परंतु रंग फिकट आणि पोत असा होता की आजोबांनी कवळी काढून ठेवणेच पसंत केले. नंतर चिवड्याचे पातळ पोहे त्यात घातले गेले. पंख्याने ते उडवून कॉइलला चिकटवले आणि घरभर जळका वास सुटला. संध्याकाळी नातवाला माळ्यावर चढवून कढई खाली उतरवण्यात आली. न्यायाला धरून हेही सांगितले पाहिजे की चिवड्याचे शेंगदाणे त्या यंत्रात इतके एकसारखे भाजले गेले की आजींनी त्याला शेंगदाण्यांचे यंत्र असे अधिकृत नाव देऊन ओट्यावर कायमची जागा दिली.

शेवटचा प्रसंग भाऊबीजेचा, आणि यात यंत्रांचा काडीचाही दोष नव्हता. वसुबारसेला असे ठरले की रविवार, ३ नोव्हेंबरला ठाण्यात संध्याकाळी साडेसात आणि एडिसनमध्ये सकाळी दहा वाजता व्हिडिओ कॉलवर औक्षण करावे, कारण दोन्हीकडील वेळांत साडेनऊ तासांचा फरक होता. परंतु अमेरिकेत उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे पुन्हा मागे घेतात, तो रविवार नेमका हाच होता, आणि फरक साडेदहा तासांचा झाला. दोन्हीकडच्या फोनना हे ठाऊक होते, माणसांना नव्हते. कर्ते गृहस्थ टोपी घालून, कपाळाला टिळा लावून पाटावर बसले तेव्हा तिकडे नऊच वाजले होते आणि भगिनी गाऊनवर, हातात टूथब्रश घेऊन पडद्यावर आल्या. तासाभराने औक्षण सुरू झाले. निरांजन फोनच्या इतके जवळ आले की कॅमेऱ्याने ज्योतीच्या प्रकाशाशी जुळवून घेत त्यांचा चेहरा पूर्ण काळा करून टाकला, आणि भावाने सोळाव्या शतकातल्या भक्तासारखे केवळ तेजाला नमस्कार केला.

ओवाळणी युपीआयने गेली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत मोबाइल क्रमांक टाकून थेट बँक खात्यात पैसे पाठवता येतात आणि पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसते, मात्र ते वाचण्यासाठी चष्मा लागतो आणि तो टिळ्यासाठी काढून ठेवलेला होता. भगिनींचा भारतातील जुना क्रमांक आता आजी वापरतात, त्यामुळे ५०१ रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले आणि शेजारच्या खोलीत त्यांचा फोन वाजला. रक्कम परत करण्यास आजींनी नकार दिला असून शेंगदाणे त्यांनीच भाजले होते हे कारण पुढे केले आहे.

ज्यांची लेक किंवा बहीण अमेरिकेत आहे त्या वाचकांनी नोव्हेंबरचा पहिला रविवार आपल्या पंचांगात लाल शाईने लिहून ठेवावा. तो छापलेला मिळण्याची फारशी आशा नाही.