बक्षीसपत्रावर दिलेलं जगज्जेतेपद

श्री. जेम्स जे. जेफ्रीज,
माजी हेवीवेट जगज्जेते,
बरबँक, कॅलिफोर्निया यांस,



हेवीवेट बॉक्सिंगच्या जगज्जेत्यांची यादी उघडली की १८९९ ते १९०५ या वर्षांसमोर तुमचं नाव दिसतं आणि त्याखाली मार्विन हार्टचं. हार्टनं तुम्हाला हरवलेलं नाही. तो किताबासाठी तुमच्यासमोर उभासुद्धा राहिला नाही. तरी तो जगज्जेता ठरला, कारण ३ जुलै १९०५ रोजी नेव्हाडातल्या रेनो गावात तुम्ही रेफ्री म्हणून रिंगमध्ये उतरलात, हार्टनं बाराव्या फेरीत जॅक रूटला आडवं केलं आणि तुम्ही आपला किताब त्याच्या पदरात टाकून मोकळे झालात. शेतजमिनीचं बक्षीसपत्र करून द्यावं, तसा हा व्यवहार झाला. पण जमीन देणाऱ्याच्या मालकीची असते. जगज्जेतेपद कुणाच्या नावावर करून द्यायचा अधिकार तुम्हाला कुठल्या नियमानं मिळाला होता?

तुमच्या ताकदीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. बॉयलरच्या कारखान्यात घाम गाळलेला तुमच्यासारखा दणकट गडी त्या काळी दुसरा नव्हता. ९ जून १८९९ ला कोनी आयलंडवर तुम्ही बॉब फिट्झसिमन्सला अकराव्या फेरीत बाद केलंत. त्याच वर्षी टॉम शार्कीशी पंचवीस फेऱ्या झुंजलात. पुढच्या वर्षी जिम कॉर्बेट गुणांवर पुढे असताना तेविसाव्या फेरीत त्याला झोपवलंत. हे सगळं तुम्ही स्वतःच्या मुठींनी मिळवलंत. माझी तक्रार आहे ती जगज्जेते झाल्यावर या मुठी तुम्ही कुणापासून दूर ठेवल्यात, याबद्दल.

कृष्णवर्णीय योद्ध्याशी किताबाची लढत करणार नाही, असं तुम्ही उघडपणे सांगत होतात. लढायला गोरे प्रतिस्पर्धी उरले नाहीत की निवृत्त होईन, हेही तुमचंच बोलणं. याला तुम्ही तत्त्व म्हणत होतात. मग हे तत्त्व जगज्जेते होण्याआधी कुठे होतं? हँक ग्रिफिन कृष्णवर्णीयच होता, त्याच्याशी तुम्ही लढलात. बॉब आर्मस्ट्राँगशी लढलात. आणि २२ मार्च १८९८ ला सॅन फ्रान्सिस्कोत पीटर जॅक्सनशी लढलात.

त्या जॅक्सनजवळ जरा थांबू या. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर जन्मलेला, ऑस्ट्रेलियात घडलेला हा माणूस १८९१ मध्ये याच सॅन फ्रान्सिस्कोत कॉर्बेटशी एकसष्ट फेऱ्या लढला होता. दोघंही थकून भागले आणि लढत निकालाविना थांबवावी लागली. पुढच्या वर्षी कॉर्बेट जगज्जेता झाला. जॅक्सनला मात्र किताबाची संधी कधीच मिळाली नाही, कारण कॉर्बेटच्या आधीचा जगज्जेता जॉन एल. सुलिव्हन काळ्या माणसाशी लढायला तयार नव्हता. तुमच्यासमोर जॅक्सन आला तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि त्याचं शरीर पार ढासळलेलं होतं. तुम्ही त्याला तीन फेऱ्यांत संपवलंत. तीन वर्षांनी क्वीन्सलँडमध्ये क्षयानं तो गेला. खंगलेल्या जॅक्सनला हरवून नाव कमावताना त्याचा रंग तुम्हाला आडवा आला नाही. धडधाकट जॅक जॉन्सन दारात उभा राहिला, तेव्हा मात्र आला. याला तत्त्व म्हणत नाहीत, जेफ्रीजसाहेब. याला सोय म्हणतात.

जॉन्सन काय चीज आहे, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मे १९०२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यानं तुमच्या सख्ख्या भावाला, जॅक जेफ्रीजला, पाचव्या फेरीत बाद केलं होतं. फेब्रुवारी १९०३ मध्ये डेन्व्हर एड मार्टिनला हरवून तो कृष्णवर्णीयांचा हेवीवेट विजेता झाला. त्या वेळी असा वेगळा किताब होता, हेच तुमच्या जगज्जेतेपदाविरुद्धचं पहिलं आरोपपत्र आहे. अर्ध्या योद्ध्यांना दाराबाहेर ठेवून उरलेल्यांत पहिला आलेला माणूस जगज्जेता कसा?

२८ मार्च १९०५ ची लढतही आठवा. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन्सन आणि हार्ट वीस फेऱ्या लढले. लढत भरवणारा आणि रेफ्री एकच, अ‍ॅलेक्स ग्रेगेन्स. पुढे चाल करून जाणाऱ्याला मी झुकतं माप देईन, असं त्याचं आधीच ठरलेलं होतं. हार्ट चाल करून जात राहिला आणि जॉन्सनचे ठोसे खात राहिला. हात वर झाला तो हार्टचा. या वादग्रस्त निकालाच्या आधारानं हार्ट तुमच्या वारसांच्या रांगेत शिरला. समोर उभा केला तो रूट, एक वजनगट खालचा माजी विजेता. दोन गोरे, मधे तुम्ही. हार्टला ज्यानं वीस फेऱ्या खेळवलं, तो जॉन्सन त्या रिंगच्या आसपासही तुम्हाला नको होता.

मग जे व्हायचं तेच झालं. दान मिळालेल्या किताबावर जो तो हक्क सांगू लागला. फेब्रुवारी १९०६ मध्ये टॉमी बर्न्सनं हार्टला वीस फेऱ्यांत हरवलं, तरी त्याला जगज्जेता मानायला कितीतरी लोक तयार नव्हते. म्हाताऱ्या फिट्झसिमन्सला हरवल्याच्या बळावर फिलाडेल्फियाचा जॅक ओब्रायनही आपला दावा मांडत होता. त्या दोघांची नोव्हेंबर १९०६ मधली लढत बरोबरीत सुटली आणि तिचे रेफ्रीही तुम्हीच. किताब सोडला म्हणता, पण तो कुणाच्या हाती जातो यावर नजर ठेवणं काही सुटलं नाही.

या बर्न्सकडून तुम्ही शिकायला हवं होतं. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, वजन तुमच्यापेक्षा कितीतरी कमी. त्यानंही जॉन्सनला बराच काळ तिष्ठत ठेवलं आणि शेवटी तीस हजार डॉलर मोजून घेतले. जॉन्सनच्या हाती पडले पाच हजार. पण २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत तो कॅनडाचा बुटका माणूस रिंगमध्ये उतरला, मार खाल्ला, चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवेपर्यंत उभा राहिला आणि किताब गमावला. किताब असाच जायचा असतो. तुमच्याकडे ताकद जास्त होती, आणि समोर येण्याचं धाडस बर्न्सनं दाखवलं.

तुमचे वकील म्हणतील, तेव्हा कुठलीही जागतिक संघटना नव्हती, मानांकन नव्हतं, आव्हानवीर ठरवणारी समिती नव्हती. सगळं प्रवर्तक आणि वर्तमानपत्रं ठरवायची. अगदी खरं. पण नियम करणारं कुणीच नव्हतं, म्हणजे जगज्जेत्याचा शब्द हाच नियम होता. सुलिव्हननं घालून दिलेली वाट तुमच्या एका होकारानं मोडली असती. तुम्ही ती आणखी पक्की केलीत. जॉन्सनशी १९०४ मध्ये लढून तुम्ही जिंकलाही असतात कदाचित. मग तुमच्या नावापुढच्या ‘अपराजित’ या शब्दावर बोट ठेवायची कुणाची हिंमत झाली असती?

आणि पाच वर्षांनी परतलात, तेही कशासाठी? अल्फाल्फाच्या शेतावर तुमचं वजन तीनशे पौंडांच्या घरात गेलं होतं. सिडनीहून लेखक जॅक लंडननं लिहून हाक दिली की, शेत सोडून या आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचं हसू पुसून टाका. तुम्ही शंभरएक पौंड उतरवलेत. काळ्यापेक्षा गोरा माणूस वरचढ आहे हे दाखवायला रिंगमध्ये उतरतोय, असं जाहीर केलंत. बक्षीस ठरलं एक लाख एक हजार डॉलर. ४ जुलै १९१०, पुन्हा तेच रेनो. पंधराव्या फेरीत तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खाली पडलात. दोऱ्यांमधून बाहेर कोलमडलात, तुमच्या माणसांनी तुम्हाला आत ढकललं, जॉन्सननं पुन्हा पाडलं आणि तुमच्या कोपऱ्यातल्यांनीच लढत थांबवायला लावली. ऐन भरातसुद्धा मी याला हरवू शकलो नसतो, असं त्यानंतर तुम्ही म्हणालात. एवढा प्रामाणिकपणा १९०४ मध्ये दाखवला असतात, तर पुढचं रक्त सांडलं नसतं.

कारण त्या रात्री अमेरिकेच्या कितीतरी शहरांत विजय साजरा करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर जमाव तुटून पडले. माणसं मेली, आणि मेलेल्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होते. त्या लढतीचा चित्रपट गावोगावी बंद पाडला गेला आणि १९१२ मध्ये लढतींचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच अमेरिकी काँग्रेसनं बंदी घातली. दंगल तुम्ही पेटवली नाहीत. पण दोन माणसांच्या लढतीला दोन वंशांचं युद्ध म्हणून उभं करायला तुम्ही स्वतःचं नाव दिलंत.

तुमचं बक्षीसपत्र पुढेही चालत राहिलं. जॉन्सन जगज्जेता असताना ‘गोऱ्यांचा हेवीवेट विजेता’ असा किताब निघाला. १ जानेवारी १९१३ ला ल्यूथर मॅकार्टीनं अल पाल्झरला हरवून तो मिळवला आणि मे महिन्यात कॅलगरीच्या रिंगमध्ये आर्थर पेल्कीशी लढताना तो एकविसाव्या वर्षी मेला. मग पेल्की, मग गनबोट स्मिथ, मग फ्रान्सचा जॉर्जेस कार्पेंटिए. दुसरीकडे जो जेनेट आणि सॅम मॅकव्ही हे कृष्णवर्णीय योद्धे १९०९ मध्ये पॅरिसमध्ये एकोणपन्नास फेऱ्या एकमेकांना ठोकत होते, कारण खऱ्या किताबाकडे जाणारा रस्ताच त्यांना नव्हता. त्यांच्यासारखाच कृष्णवर्णीय योद्धा सॅम लँगफर्ड आयुष्यभर वाट पाहत राहिला. जॉन्सनही इथे दोषी आहे. जगज्जेता झाल्यावर त्यानं लँगफर्डला टाळलं, हे त्याच्या खात्यावर लिहिलंच पाहिजे. पण टाळून किताब सांभाळायचा धडा त्यानं तुमच्याच पिढीकडून घेतला होता. १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डनं जॉन्सनला हरवलं. त्यानंतर १९३७ मध्ये जो लुईसनं जेम्स ब्रॅडॉकला पाडेपर्यंत, बावीस वर्षं, एकाही कृष्णवर्णीय योद्ध्याला हेवीवेट किताबाच्या लढतीत उभं राहू दिलं गेलं नाही. हॅरी विल्ससारख्या कृष्णवर्णीय आव्हानवीराची उमेद त्यातच सरली.

म्हणून हे पत्र. तुम्ही १९५३ मध्ये गेलात, तुमचं उत्तर येणार नाही. पण याद्या अजून छापल्या जातात आणि आमची मुलं त्या पाठ करतात. त्यात तुमचं नाव राहू दे. फिट्झसिमन्स, शार्की आणि कॉर्बेट यांच्या बळावर ते तुम्ही कमावलेलं आहे. पण १९०५ च्या ओळीत हार्टचं नाव छापताना शेजारी एवढं छापायलाच हवं: किताब रिकामा झाला तेव्हा सर्वात लायक आव्हानवीर जॅक जॉन्सन होता आणि त्याचा रंग पाहून जेम्स जेफ्रीजनी त्याला बाहेर ठेवलं. ही ओळ न छापणारा प्रत्येक क्रीडाकोश तुमच्या बक्षीसपत्रावर साक्षीदाराची सही करतो आहे.

कळावे,
बॉक्सिंगचा एक चाहता